गड दिसला, रान हरवले

मराठी समीक्षेने गिरिभ्रमणाच्या लेखनाला एक सोयीची चौकट घालून दिली आहे. डोंगर म्हणजे सह्याद्री, सह्याद्री म्हणजे गड आणि गड म्हणजे शिवकाल. या साखळीत रान उरते ते बालेकिल्ल्याकडे जाताना वाटेत लागणारे. याचा दोष गो. नी. दांडेकरांना देणे अन्यायाचे होईल. ‘माचीवरला बुधा’मध्ये झाडे-पाखरे हेच एका एकाकी म्हाताऱ्याचे गणगोत आहे. अनुयायांनी मात्र बुरुजांची मोजदाद तेवढी उचलली, आणि समीक्षेने तिलाच निसर्गप्रेम मानले.

या चौकटीची परीक्षा दिल्लीच्या करोल बागेत होते. बाजाराची गर्दी संपते तेथेच मध्य रिजचे रान सुरू होते. हिमालयाहून कितीतरी प्राचीन असलेल्या अरवलीचे हे उत्तरेकडील टोक. तुघलककालीन मानली जाणारी ‘भूली भटियारी’ची वास्तू याच रानात आहे. १९९४ साली रिज राखीव वन म्हणून अधिसूचित झाली. तिच्यावरची हिरवाई बव्हंशी वेड्या बाभळीची. अमेरिका खंडातील हे झाड इंग्रजी अमदानीत येथे लावले गेले आणि त्याने धौ, करीर अशा मूळच्या वनस्पतींना मागे रेटले. पण येथे कडा नाही, सर करण्याजोगे शिखर नाही. मग दिल्लीकर मराठी भटक्याच्या लेखी हे रानच नव्हे!

हीच नजर श्रीलंकेत गेली, तर २२४३ मीटर उंचीच्या श्रीपादाची चढण ती रंगवून सांगेल आणि भोवतीच्या हिरव्या उतारांना अस्पर्श निसर्ग म्हणून मोकळी होईल. त्या टापूतील कितीतरी उतारांवरचे अरण्य एकोणिसाव्या शतकात आधी कॉफीसाठी तुटले. कॉफी रोगाने बुडाल्यावर तेथे चहा आला. मळ्यांवर राबायला दक्षिण भारतातून तमिळ मजूर नेले गेले. भटक्याला जी शोभा वाटते, ती त्यांच्या पिढ्यांची मजुरी आहे.

ललित लेखनाने वनखात्याची नोंदवही व्हावे काय, असा आक्षेप ठरलेलाच. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ने त्याला १९५६ मध्येच उत्तर दिले आहे. त्या पुस्तकात झाडाची नेमकी ओळख आणि भाषेचे लावण्य एकमेकांच्या आड येत नाहीत. बारा महिने डोळसपणे पाहायला कडाही चढावा लागत नाही. तरीही भ्रमणलेखनाची चर्चा निघाली की ‘ऋतुचक्र’ ललित निबंधाच्या कप्प्यात ठेवले जाते आणि गडयात्रांची वर्णने तेवढी पुढे येतात. ही वर्गवारी समीक्षेने केली. ती मोडण्याचे कामही समीक्षेचेच आहे.