खर्जाचे मोल

गणेशोत्सवात हौशी वाद्यवृंदांतून मी बारा वर्षे बेस गिटार वाजवली. ‘तुझे नेमके ऐकू काय येते?’ हा प्रश्न ठरलेला. एकदा ऐन गाण्यात स्पीकरचा पडदा फाटला, बेस थांबली आणि गायक लयीतून सुटला. तेव्हा साऱ्यांना उत्तर मिळाले! दोष माझाच. पैसे नामांकित गिटारवर उधळून अँप्लिफायर मात्र साध्या गिटारचाच ठेवला होता. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तो खर्ज पेलायला मोठा स्पीकर आणि जादा वॅट हवेत. १९५१ मध्ये लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस आणली, तीही इतर वाद्यांच्या गलक्यात खर्ज ऐकू जावा म्हणूनच. तेव्हा हौशी मुलांनो, गिटार साधी चालेल. काटकसर अँप्लिफायरमध्ये नको.