भिजायचं बाईनं, पंचनामा दुसऱ्याचा

पाणी भरून ठेवा. बॅटरीचे सेल तपासा. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. पत्रे घट्ट करून घ्या. पावसाळ्याच्या तोंडावर अशा सूचना आपल्याला नेहमी ऐकायला मिळतात. सूचना चुकीच्या नाहीत. पण मैत्रिणींनो, ही कामं करायची कोणी आणि त्यांचा खर्च ठरवायचा कोणी, हे कधी विचारलंय आपण?

वीज गेली की मोटार बंद, नळ कोरडा, गिरणी बंद. हापशावरची रांग बाईची, अंधारातला स्वयंपाक बाईचा, तापलेल्या पोराला रात्रभर वारा घालणंही तिचंच. रेशनचं रॉकेल मिळेनासं झालं, तेव्हा कंदीलही माळ्यावर गेला. ही सगळी तयारी ती न सांगता करते. उरतं एकच काम, पैसे लागणारं : पत्रे हुक-बोल्टनं आवळणं. तिथे मात्र तिच्या शब्दाला किंमत नाही.

मे 2025 च्या अखेरीस दौंड, बारामती, इंदापूर भागात पाऊस अक्षरशः कोसळला. त्यानंतर मी केडगावजवळच्या एका वस्तीवर गेले. नवरा गेलेली बाई, पदरी दोन मुली. पत्र्यांवर नुसते दगड ठेवलेले. वाऱ्यानं पत्रे उचलले आणि दगड आत पडले, मुलींच्या अंथरुणापासून हातभर अंतरावर. बोल्ट बसवा म्हणून ती दोन वर्षं मागे लागली होती. पण घर दिराच्या नावावर. पंचनामा झाला तोही त्याच्याच नावानं. भिजलेलं धान्य तिचं, मदतीवर हक्क त्याचा!

एका बैठकीत मी हे मांडलं, तर एक गृहस्थ हसून म्हणाले, "ताई, आभाळाला बाई-पुरुष कळतं का?" नाही कळत. पण कागदाला कळतं ना!

याच केडगावात पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात उपाशी बायका-मुलींना आणून आसरा दिला. धान्याइतकीच हक्काच्या छपराचीही गरज असते, हे त्यांनी ओळखलं होतं. सव्वाशे वर्षांनंतरही आपण बाईला बॅटरी सांभाळायला सांगतो, छप्पर मात्र तिच्या नावावर करत नाही.

राहतं घर पती-पत्नी दोघांच्या नावावर लावावं, असा शासनाचा निर्णय 2003 सालचा आहे. ग्रामपंचायतीत जा, नमुना आठचा उतारा काढा, आपलं नाव आहे का बघा. नसेल तर अर्ज द्या, पोच घ्या. नवरा नसेल तर वारसनोंदीचं विचारा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. तिथे तीन ठराव मांडा : एकट्या बायकांच्या घरांचे पत्रे पावसाळ्याआधी पक्के करा, वादळात शाळेची किल्ली बचत गटाकडे द्या, पंचनामा घरात राहणाऱ्या बाईसमोर करा, तिची सही घ्या.

पाणी भरून ठेवाच. पडलेल्या तारेजवळ जाऊ नका, विजा कडाडताना झाडाखाली थांबू नका. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद बांधाल, तेव्हा त्यांवर आपलं नाव आहे का, तेवढं आधी बघा.