दुरून केलेलें साहाय्य

आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस हल्लीं घरांत एक नवीन मान प्राप्त झाला आहे. इंटरनेट बंद पडलें कीं वडील, मामा, शेजारचे काका, सर्व जण प्रथम त्यांसच हांक मारतात. विद्यार्थी शिक्षणासाठीं नांदेडास वा पुण्यास गेला असला तरी ही हांक चुकत नाहीं. ती फोनवरून येते. अशा प्रसंगीं जें साहाय्य केलें जातें त्याची रीत आम्हांस पसंत नाहीं, म्हणून हे चार शब्द.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें आपल्या देशांत इंटरनेट सर्वसामान्य ग्राहकांस खुलें केलें, तेव्हां तें घरच्या फोनच्या तारेवरूनच येत असे. ती तार इंटरनेटांत गुंतली कीं त्याच फोनवर कोणास सल्ला विचारण्याची सोय नसे. आतां कांचेच्या केसासारख्या तंतूंतून प्रकाशरूपानें संदेश घरांत येतात आणि मोबाईल हातांत मोकळा असतो. साधनें अशीं अनुकूल झालीं; साहाय्य करणाराचा धीर मात्र त्या मानानें वाढलेला दिसत नाहीं.

“बंद करून चालू करा” एवढा मंत्र सांगून बहुतेक जण मोकळे होतात. त्यानें पुष्कळदां काम भागतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्यास यंत्र दिसत नाहीं त्यानें आज्ञा करण्यापूर्वीं विचारावें. “दिवे लागले आहेत काय?” हा प्रश्न निरुपयोगी आहे, कोणता दिवा, कोणत्या रंगाचा, स्थिर कीं लुकलुकता, असें विचारलें पाहिजे. अडचण एकाच मोबाईलवर असेल तर दोष बहुधा त्या मोबाईलचाच. वाय-फाय जोडलेलें दिसलें म्हणजे इंटरनेट आहेच असेंही समजूं नये. वाय-फाय ही राउटरपासून हातांतील यंत्रापर्यंतचीच वाट आहे. आणि राउटरच्या बारीक छिद्रांतील कळ टाचणीनें दाबण्यास तर उतावीळपणें कधींच सांगूं नये. तीमुळें यंत्रांत भरलेलें ग्राहकाचें नांव व संकेतशब्द पुसले जाऊं शकतात, आणि लहानसा दोष मोठा होऊन बसतो.

गेल्या दिवाळीपूर्वीं अर्धापूरच्या आमच्या एका परिचित शेतकरी गृहस्थांचा असाच फोन आला. मुलीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशीं संपत होती आणि मोबाईलच्या रेंजवर छायाचित्र चढत नव्हतें. ‘एल्. ओ. एस्.’ या अक्षरांपाशीं दिवा तांबडा लुकलुकत होता. म्हणजे बाहेरचा प्रकाशच यंत्रापर्यंत पोहोंचत नव्हता, आणि अशा वेळीं यंत्र दहा वेळां बंद-चालू केलें तरी उपयोग नाहीं. काल-परवां घरांत कांहीं हलविलें कां, असें आम्ही विचारलें. झाडलोटीसाठीं लोखंडी कपाट सरकविलें होतें. “केळीच्या बागेंत ठिबकची नळी मुडपली तर पुढच्या झाडांस पाणी मिळतें काय?” एवढें विचारतांच ते फोन घेऊनच कपाटाकडे गेले. तार कपाट व भिंत यांमध्यें दुमडून प्रकाश बाहेर झिरपत होता. ती मोकळी करतांच तांबडा दिवा विझला. तंतु तुटला असता तर मात्र तक्रार नोंदवून कारागिराची वाट पाहण्यावांचून गत्यंतर नव्हतें. (तुटलेल्या टोकांत डोकावूं नये, तो प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीं, पण अपाय करूं शकतो.)

कोणी म्हणेल, एवढे प्रश्न कशाला? मोबाईलचा पडदा दुरून ताब्यांत देणारें ॲप उतरवून घ्यावें, झालें! आमचा खरा आक्षेप येथेंच आहे. फेब्रुवारी २०१९ मध्यें रिझर्व्ह बँकेनें ‘एनीडेस्क’ या ॲपच्या आधारें खात्यांतील पैसे लुबाडले जाण्याच्या धोक्याविषयीं बँकांस सावध केलें होतें. तें ॲप प्रामाणिक कामासाठींही वापरलें जातें, हें खरें. परंतु ज्या मामांस आपणच शिकविलें कीं फोनवरील आवाज सांगेल तें उतरवावें आणि आलेला ओटीपी वाचून दाखवावा, त्या मामांनीं उद्यां “मी कंपनींतून बोलतों” म्हणणाऱ्या लबाडास नकार कोणत्या तोंडानें द्यावा? म्हणून पोटच्या मुलानेंही बापाजवळ फोनवरून ओटीपी मागूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. वेळ लागेल, लागूं द्यावा. फसवणूक झालीच तर १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावें. विलंब झाल्यास गेलेले पैसे अडविणें कठीण जातें.

पालकांनींही एक तजवीज करून ठेवावी. तक्रारीचा फोन क्रमांक आपल्या बिलावरून उतरवून राउटरजवळ भिंतीस लावावा, कारण ऐन वेळीं इंटरनेटवर शोधून सांपडलेला क्रमांक भामट्याचा असूं शकतो. त्याच कागदावर ग्राहक-क्रमांक लिहावा, आणि सर्व सुरळीत चालू असतां राउटरच्या दिव्यांचें एक छायाचित्र मोबाईलमध्यें काढून ठेवावें.