नाव घातलेलं भांडं

पहाटे साडेपाचला गावाकडून फोन आला की आधी घरातली म्हातारी माणसं डोळ्यांसमोर येतात. या खेपेला म्हातारी माणसं ठणठणीत होती. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, केबल गेली."

नदीकाठच्या मोटारीची केबल. दोनशे फूट. तीन वर्षांत तिसऱ्यांदा. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसपाळीच्या आठवड्यात रात्री तारेत जीव नसतो, हे शेतकऱ्याला जेवढं पाठ तेवढंच चोरालाही पाठ. हा आठवडा दिवसपाळीचा होता.

मी हिशेब मांडला. चार एमएमच्या तीन तारा, फुटाला तेहतीस ग्रॅमच्या आसपास तांबं, म्हणजे दोनशे फुटांत साडेसहा किलो. चोरीच्या मालाला बाजारभाव मिळत नाही. किलोला पाचशे धरले तरी हातात सव्वातीन हजार, आणि तेही दोघा-तिघांत. इकडे भावाला नवी केबल, वायरमनची मजुरी, आणि ती येईपर्यंत सुकणारा ऊस. आपलं नुकसान आणि त्याची कमाई यांचा कुठेच मेळ बसत नाही, हे या चोरीचं वैशिष्ट्य. रोहित्राच्या चोरीत तर ते टोकाला जातं. डीपी खांबावरून खाली लोटायचा, तेल मातीत सांडायचं आणि आतलं वायंडिंग उपसून न्यायचं. त्या एका डीपीवर चालणाऱ्या सगळ्या विहिरी मग दुसरा डीपी येईपर्यंत गप्प. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या लोखंडी फळ्या, गेले तर दोन-चार क्विंटल लोखंडापायी हिवाळ्यात अडवायचं पाणी खाली वाहून जातं.

चार दिवसांनी ओढ्याच्या कडेला काळा डाग सापडला. तिथे केबल जाळली होती. वरचं रबर जळालं की खाली उरतं ते निव्वळ तांबं. ते माझ्या भावाचं की दुसऱ्या कुणाचं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सोनं वितळवायला सोनार लागतो, तांब्याची ओळख पुसायला काडेपेटी पुरते.

कायदे नाहीत असं नाही. 2003 च्या वीज कायद्यात कलम 136 खास तारा आणि वीज साहित्याच्या चोरीसाठीच आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. रेल्वेच्या मालासाठी 1966 चा वेगळा कायदा आहे, तारखात्याच्या तारांसाठी 1950 चा होता. जवळच्या मालाचा समाधानकारक खुलासा देता आला नाही तर पोलिसांना आपल्याच राज्याच्या पोलीस कायद्यातलं कलम 124 वापरता येतं. चोरीचा माल घेणाऱ्यासाठी पूर्वी भारतीय दंडविधानातलं कलम 411 होतं, 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेतलं 317 आहे. मात्र त्यात एक मेख आहे: माल चोरीचा आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असायला हवं, किंवा तसं वाटायला कारण असायला हवं. आता ज्यानं विचारलंच नाही त्याला ठाऊक कसं असेल? न विचारणं हेच या धंद्यातलं कवच आहे.

म्हणून मला ब्रिटनचा उपाय पटतो. तिथे 2005 च्या डिसेंबरात हेन्री मूर या शिल्पकाराचं दोन टनांचं ब्राँझचं शिल्प चोरांनी ट्रकमध्ये घालून नेलं. किंमत तीस लाख पौंडांच्या घरात. ते वितळवलं गेलं आणि भंगार म्हणून जेमतेम दीड हजार पौंडांना गेलं असावं, असा पोलिसांचा निष्कर्ष. पुढे तांब्याचा भाव चढला तशा रेल्वेच्या तारा, चर्चच्या छपरांचं शिसं, महायुद्धातल्या मृतांच्या नावांच्या पाट्यासुद्धा जाऊ लागल्या. तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये डिसेंबर 2012 पासून भंगाराचे पैसे रोख द्यायला बंदी आली. 2013 च्या कायद्याने दुकानदाराला परवाना आणि विकणाऱ्याचं नाव-पत्ता कागद पाहून तपासणं सक्तीचं झालं. ती नोंद तीन वर्षं जपायची, पैसे चेकने किंवा बँकेतूनच. चोऱ्या बऱ्याच घटल्या. खरं तर त्याच काळात तांब्याचा भावही उतरत होता, तेव्हा सगळं श्रेय कायद्याला देणं बरोबर नाही. पण त्यांनी अंधारात चोरामागे धावण्यापेक्षा उजेडात काट्यापाशी उभं राहायचं ठरवलं, हे मला शहाणपणाचं वाटतं. चोर शंभर असतात, काटे मोजके.

आपल्याकडे कागद आहे, पण वरच्या मजल्यावर. ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यानं नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं तर जीएसटी व्यापाऱ्यानंच भरायचा. म्हणजे भट्टीकडे जाणाऱ्या ट्रकला बिल असतं. पोत्यातून काट्यावर पडणाऱ्या पहिल्या साडेसहा किलोंना मात्र काही नसतं. आणि चोरी पचते ती नेमकी याच दोघांच्या मधे.

इथवर लिहून मी खूश होतो. मग मागच्या दिवाळीतली गोष्ट आठवली.

माळा आवरताना आजीचा तांब्याचा हंडा निघाला. बुडाला भोक. आमच्याकडे कुणी कल्हई करत नाही, डाग देणारा सापडत नाही, तेव्हा तो मोडीत घालायचा असं ठरलं. गाडीतून भंगाराच्या दुकानात नेला. हंड्याच्या गळ्यावर आजीच्या आईचं नाव घातलेलं होतं, माहेरच्या गावासकट. माझ्या नावाशी, आडनावाशी, गावाशी त्याचा काडीचा संबंध नाही. खरं म्हणजे संशय घ्यायला याहून चांगला माल नाही! दुकानदारानं हंडा काट्यावर ठेवला, आकडा सांगितला, नोटा मोजून दिल्या. वर "साहेब, चहा?"

माझ्यामागे कचरा वेचणारी एक बाई उभी होती. तिच्या गोणीत प्लास्टिक, पुठ्ठा, जर्मनचं एक चेपकं पातेलं आणि मूठभर तार. तीच तार उचलून दुकानदार म्हणाला, "ही कुठून उचललीस गं?"

तिला अगंतुगं आणि प्रश्न. मला अहोजाहो आणि चहा.

ओळखपत्राची सक्ती म्हटलं की गरिबाच्या पोटावर पाय, असं आपण म्हणतो, मीही म्हणायचो. पण या बायकांचा इतिहास उलटं सांगतो. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. डॉ. बाबा आढावांचा त्यात पुढाकार होता. नव्वदच्याच दशकात वेचकांनी महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळवली. ती लादली गेली नव्हती, मागून घेतलेली होती. पहाटे पाठीवर गोणी घेऊन फिरणाऱ्या बाईला जो उठतो तो चोर ठरवतो, तेव्हा गळ्यातलं कार्ड हीच तिची ढाल. प्रश्न तिला तसाही विचारला जातोच. कार्ड नसेल तर तिच्याकडे उत्तर नसतं, इतकंच.

तेव्हा नियम करायचाच तर दुधाच्या पिशव्या आणि पुठ्ठ्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तांब्याची जळकी तार, मोटारीचं वायंडिंग, बर्गा, गटाराचं बीडाचं झाकण, देवळातली घंटा. या वस्तू कुणाच्या घरात पडून नसतात. त्या आणणाऱ्याचं नाव लिहायचं, फोटो काढायचा, पैसे खात्यात टाकायचे. भंगारवाल्याच्या भिंतीवर क्यूआर कोडची पाटी आताशा असतेच. आणि हे चौकशीवाचून चहा मिळणाऱ्यालाही लागू हवं. माझा हंडा त्या यादीत बसत नाही, तरी तो कुणाचा हे मला विचारायला हवं होतं. उत्तर देताना मला बरंच वाटलं असतं. निदान आजीच्या आईचं नाव भट्टीत जाण्याआधी एकदा कुणीतरी मोठ्यानं वाचलं असतं.

भावानं आता ॲल्युमिनियमची केबल टाकली आहे. तिला भाव कमी, म्हणून तिला भीतीही कमी. पंपाच्या बीडाच्या बॉडीवर त्यानं छिन्नीनं नाव घालून घेतलं, गावासकट. केबलवरही ऑइलपेंटनं दर दहा फुटांवर नाव काढायला घेतलं होतं. दोनदा लिहून झाल्यावर वायरमन म्हणाला, "रबरावर लिहून काय उपयोग, मालक?" भावानं ब्रश धुऊन ठेवला.