महामार्गाला नाव एकाचे

ऑस्ट्रेलियातील नल्लारबोरचे मैदान आम्हा पतीपत्नींनी सायकलने ओलांडले, त्याबद्दल मध्यंतरी एके ठिकाणी सत्कार झाला. शाल माझ्या खांद्यावर आली. पत्नीविषयी निवेदक एवढेच म्हणाले, ‘सौभाग्यवतींनीही साथ दिली.’ मीही हसून हात जोडले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

नल्लारबोर म्हणजे लॅटिन भाषेत ‘एकही झाड नाही’. सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरचे हे चुनखडीचे पठार. पडलेला पाऊस भेगांतून खाली उतरतो, म्हणून वर नदी नाही. (महामार्ग दक्षिणेच्या कडेने जातो, त्यामुळे झुडपे बरीच भेटतात, खरे उघडे मैदान थोडेच लागते.) बॅलाडोनिया ते कायगुना या १८२ किलोमीटरांत एकही दुकान नाही, आणि त्यांतील १४६.६ किलोमीटर रस्त्याला वळणच नाही. सपाट रस्ता सोपा, हा भ्रम तेथे पहिल्याच दिवशी फिटतो. चढ नाही म्हणून उतारही नाही. पायांना क्षणाची उसंत मिळत नाही. वारा समोरून आला की पुढच्याने तो अंगावर घ्यायचा, मागच्याने आडोशाने यायचे, आणि काही वेळाने जागा बदलायच्या.

पाण्याचा हिशेब पत्नी वहीत लिहून ठेवत असे. त्या सरळ रस्त्यावर एका दुपारी वारा उलटा फिरला. ती म्हणाली, येथेच थांबू, पहाटे वारा पडेल. मी हट्टाने पुढे निघालो. दोन तासांत बारा किलोमीटर झाले आणि तीन लिटर पाणी संपले. दुसऱ्या दिवशी कॅराव्हॅनमधून जाणाऱ्या एका वृद्ध दांपत्याने पाणी दिले, म्हणून निभावले. सत्काराच्या भाषणात हा प्रसंग मी गाळला होता.

या रस्त्याला एडवर्ड आयर या इंग्रजाचे नाव आहे. १८४१ मध्ये तो हा प्रदेश पार करून गेला. अखेरपर्यंत त्याच्यासोबत होता तो वायली, एक नूंगार तरुण. वाळूच्या टेकड्यांत पाणी कोठे खणावे, हे तेथील मूळ रहिवाशांनी दाखविले होते. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे सुवर्णपदक आयरला मिळाले, वायलीला शिधा. हाच आयर पुढे जमैकाचा गव्हर्नर झाला आणि १८६५ मध्ये मोरांट बे येथील कृष्णवर्णीयांचा उठाव त्याने निर्दयपणे चिरडला. महामार्ग मात्र आजही त्याच्याच नावाचा आहे.

आपल्या माणसांची नावे इतिहासातून कशी पुसली गेली, हे आपण व्यासपीठावरून तळमळीने सांगतो, आणि ते सांगायलाच हवे. परंतु त्याच व्यासपीठावर आपण घरातल्या वायलीला ‘साथ दिली’ एवढ्यावर बसवतो. यात दोष केवळ आयोजकांचा नाही. माइक माझ्या हातात होता.

या स्मरणिकेसाठी संपादकांनी आमचे छायाचित्र मागितले आहे. त्याखाली तिचे नाव आधी, आणि ‘सौ.’ न लावता छापावे, असे मी त्यांना कळविले आहे.