चित्रकलेची खोली रविवारी उघडा

महाराष्ट्रातल्या बहुतेक माणसांचे चित्रकलेचे शिक्षण वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी थांबते. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा होतात, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे पेपर दिले जातात, श्रेणी लागते, तिचे वाढीव गुण दहावीच्या गुणपत्रिकेत मिळतात आणि रंगपेटी माळ्यावर जाते. राज्याचे कला संचालनालय लाखो मुलांच्या या परीक्षा घेत आले आहे. शाळकरी वयात इतक्या मुलांच्या हाती ब्रश देणारी व्यवस्था आपल्याकडे आहे, ही अभिमानाचीच गोष्ट. पण ती व्यवस्था तिथेच संपते. ज्याला चित्रकलेवर पोट भरायचे आहे त्याने कला महाविद्यालयाची वाट धरावी. बाकीच्यांनी, म्हणजे त्या लाखोंपैकी जवळजवळ सगळ्यांनी, पुढे कधी शिकावेसे वाटले तर कुठे जायचे, याला उत्तर नाही. चाळिशीतला बँक कर्मचारी, मुले मोठी झालेली गृहिणी, अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेला फिटर यांना समोर ईझल, शेजारी चार सहाध्यायी आणि मागे उभा राहून चूक दाखवणारा शिक्षक असा वर्ग आपल्याच गावात मिळाला पाहिजे. तो मिळवून देणे हे नगरपरिषदेचे आणि शाळांचे काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि बदलापुरात ते फारसा खर्च न करता होण्याजोगे आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मोबाइलवर सगळे फुकट शिकायला मिळत असताना वर्ग कशाला? रंग कसे मिसळायचे, पेन्सिल कशी धरायची, यथार्थदर्शनाचे नियम काय, हे व्हिडिओत खरोखरच मिळते आणि पुष्कळदा चांगले मिळते. पण चित्रकला शिकणे म्हणजे मुख्यतः बघायला शिकणे, आणि बघण्यातली चूक ज्याची त्याला दिसत नाही. दिसली असती तर ती झालीच नसती. तांब्या काढताना नवशिक्या त्याचे तोंड हमखास जास्त गोल काढतो. तोंड गोल आहे हे त्याला माहीत असते, आणि हात डोळ्यापेक्षा या माहितीचेच अधिक ऐकतो. समोर दिसत असते ते चपटे लंबवर्तुळ. चेहरा काढताना डोळे वर सरकतात आणि कपाळ आखूड होते, कारण डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात यावर मापल्याशिवाय कोणाचा विश्वास बसत नाही. अशा वेळी चांगला शिक्षक कागदाला हातही लावत नाही. तो विद्यार्थ्याला उठवतो, त्याच्या जागेवर त्याच्याच डोळ्यांच्या उंचीला बसतो, हात ताठ करून पेन्सिलीवर रुंदीचे माप घेतो आणि ते उंचीत किती वेळा बसते ते मोजून दाखवतो. ही जागा कॅमेऱ्याला घेता येत नाही. शिवाय पडद्यावरची वस्तू आधीच सपाट झालेली असते. दोन डोळ्यांना जाणवणारी खोली एका भिंगाने काढून टाकलेली असते, चौकटही ठरलेली असते; तीन मितींतले जग कागदाच्या दोन मितींत उतरवण्याचे जे काम शिकायचे, ते यंत्राने परस्पर उरकलेले असते. म्हणून फोटोवरून हुबेहूब नक्कल करणारा माणूस साधी खुर्ची समोर ठेवली की अडखळतो. मातीकामात तर हे आणखी उघड आहे. फिरत्या चाकावर मातीचा गोळा मध्यावर आणताना जोर कुठून आणि किती लावायचा, हे शिक्षकाने शिकणाऱ्याच्या हातावर हात ठेवूनच कळते.

याहून जवळचे उदाहरण इथल्या हवेचे. बदलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि जुलैत भिंतींनासुद्धा ओल येते. जलरंगात तर सारा खेळ कागदातल्या ओलाव्याचा. मे महिन्यात आकाशाचा वॉश खाली आणेपर्यंत वरची कड वाळून तिथे रेघ उमटते. जुलैत पहिला थर तासभर दमटच राहतो आणि घाईने दुसरा चढवला की दोन्ही रंगांचा चिखल होतो. थंड, कोरड्या देशातल्या स्टुडिओत बसून कोणी सांगितलेली पाच मिनिटे इथे कोणत्याच ऋतूत लागू पडत नाहीत, आणि पाहणारा मात्र समजतो की आपल्यालाच जमत नाही. याच हवेत वीस वर्षे रंगवलेला शिक्षक घड्याळ पाहत नाही. तो कागदाला हाताची मागची बाजू लावतो आणि कागद गार लागला तर थांबायला सांगतो. अशी माहिती कोणी व्हिडिओत घालत नाही, कारण ती एका गावापुरतीच खरी असते.

आणि मग शेजारची माणसे. लहान मूल वाईट चित्र काढायला लाजत नाही; प्रौढ लाजतो, आणि या लाजेपायीच तो सोडून देतो. घरी एकट्याने काढलेले चित्र तो पडद्यावरच्या तयार चित्राशी ताडून पाहतो आणि खचतो. वर्गात एकाच तांब्याची दहा चित्रे तासाच्या शेवटी भिंतीला टेकवून ठेवतात, तेव्हा दहाही जण वेगवेगळ्या ठिकाणी चुकले आहेत हे सगळ्यांना दिसते, आणि ज्याचे प्रमाण चुकले त्याची छटा इतरांपेक्षा चांगली आहे हेही दिसते. यावर कोणी के. एच. आरा यांचे नाव घेईल. लहानपणी मुंबईत आले, घरकाम करून राहिले आणि तरीही १९४७च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत पोचले. स्वतःहून शिकणारा शिकतोच, असा त्याचा अर्थ काढतात. पण आरांची चित्रे पाहणारा रूडी फॉन लायडनसारखा जाणकार समीक्षक त्यांना भेटला, आणि रझा, सूझा, हुसेन यांच्यासारखे सोबती भेटले. शिक्षकाविना शिकलेल्यांनाही चित्रावर बोलणारी माणसे लागलीच.

नोकरी सांभाळून चित्रकला शिकणे ही आजची टूम आहे, असेही कोणी समजू नये. सर ज. जी. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. तिच्या बाहेर, खासगी वर्गांची परंपराही मुंबईत शंभर वर्षांहून जुनी आहे. सावंतवाडीहून आलेल्या सावळाराम हळदणकरांनी १९०८मध्ये आपली स्वतःची कलासंस्था काढली. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले जलरंगचित्र ज्यांचे, तेच हे हळदणकर. इतक्या तोलामोलाच्या चित्रकाराला वर्ग चालवणे कमीपणाचे वाटले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. न्यूयॉर्कची आर्ट स्टुडंट्स लीग १८७५मध्ये विद्यार्थ्यांनीच उभी केली. तिथे पदवीची अट नाही, महिन्याचे शुल्क भरावे आणि वर्गात बसावे. दीडशे वर्षे ती चालू आहे. आपल्याकडचे असे वर्ग मात्र दादर-गिरगावच्या पलीकडे फारसे सरकले नाहीत, आणि मधल्या काळात ते वर्ग भरणारा मध्यमवर्ग कल्याणपलीकडे राहायला गेला.

बदलापूरचा प्रश्न इथे येतो. २००१च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेली या शहराची लोकसंख्या २०११मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली आणि त्यानंतरच्या इमारती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस इथून सुमारे ६८ किलोमीटर. आठवड्याचे सहा दिवस लोकलमध्ये रोज तीन तास घालवणारा माणूस रविवारी, मेगाब्लॉक असताना, वहीचा पुठ्ठा काखेत मारून पुन्हा मुंबईला जाईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. ज्या स्त्रिया नोकरीसाठी बाहेर पडत नाहीत त्यांना तर तो रस्ता मुळातच बंद आहे. शहरातले चित्रकलेचे क्लास बहुतेक मुलांसाठी आणि परीक्षांच्या तयारीसाठी चालतात. तिथे मोठ्या माणसाला दहा वर्षांच्या मुलांच्या बाकावर अवघडून बसावे लागते. खरे तर काढायला इथे किती आहे. आभाळात घुसलेला चंदेरीचा सुळका, उल्हास नदीचे बदलते पाणी, शेजारच्याच स्थानकावर अंबरनाथचे १०६० सालचे शिलाहारकालीन शिवमंदिर, ज्याच्या भिंतींवरच्या मूर्तींचे रेखांकन करायला एक जन्म पुरणार नाही. या गोष्टींच्या शेजारी राहूनही ज्यांनी त्या कधी पंधरा मिनिटे सलग पाहिल्या नाहीत असे हजारो लोक इथे आहेत, आणि दोष त्यांचा नाही. थांबून पाहायला कोणीतरी लावावे लागते.

सर्वांत गंभीर आक्षेप निराळाच आहे. लोकलला डबे वाढत नाहीत, उन्हाळ्यात पाणी कमी पडते, पावसाळ्यात नदी घरात येते. २०१९च्या जुलैत बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती. अशा शहराने चित्रकलेच्या वर्गाची चैन करावी का? हा प्रश्न मी टाळणार नाही. पाण्याच्या नळाचा पैसा कागद-रंगांकडे वळवा असे कोणी म्हटले तर मी विरोधच करीन. पण इथे तशी निवड करावी लागतच नाही. बाके, फळा, पंखे, नळ असलेल्या शाळांच्या खोल्या शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत कुलूपबंद असतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० यात प्रौढ शिक्षणाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि शाळेच्या वेळेनंतर व सुटीच्या दिवशी शाळांच्या जागा व सार्वजनिक वाचनालये प्रौढांच्या अभ्यासक्रमांसाठी वापराव्यात, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. २०२२ ते २०२७ या काळासाठीच्या ‘उल्लास’ या नवभारत साक्षरता कार्यक्रमातही साक्षरतेच्या जोडीने निरंतर शिक्षण हा घटक आहे आणि त्यात कलेचा उल्लेख आहे. म्हणजे सरकारने हे तत्त्व मान्य केलेले आहे. हवे आहे ते किल्ली देणारे माणूस. आणि चैन म्हणाल, तर पैसेवाले आपली सोय मुंबईत किंवा घरी शिक्षक बोलावून करूनच घेतात. शाळेतला वर्ग लागतो तो इतरांना.

उतारवयात शिकून काय उपयोग, असे विचारणाऱ्यांसाठी जर्मनीतल्या एर्लांगन विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१४चा एक अभ्यास आहे. २८ निवृत्त माणसांचे दोन गट केले. दहा आठवडे एका गटाने वर्गात प्रत्यक्ष चित्रे केली, दुसऱ्याने संग्रहालयातली चित्रे पाहून त्यांवर चर्चा केली. मेंदूच्या भागांमधल्या परस्पर जोडणीत सुधारणा दिसली ती हाताने काम करणाऱ्या गटात. २८ ही संख्या लहान आहे आणि त्यावरून चित्रकलेला औषध म्हणून विकणे गैर ठरेल. साठी उलटल्यावर हात वळत नाही, हा समज मात्र त्याने ढिला होतो. रवींद्रनाथ ठाकूर चित्रांकडे साठीनंतरच गंभीरपणे वळले आणि १९३०मध्ये त्यांचे प्रदर्शन पॅरिसला भरले. प्रत्येकाचे तसे होणार नाही. व्हायची गरजही नाही. तांब्याचे तोंड दिसते तसे काढता येऊ लागणे, एवढेही पुष्कळ आहे.

शिक्षक कुठून आणायचे, याची चिंता मला कमी वाटते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीचा पट शंभरावर असलेल्या शाळांसाठी कलाशिक्षणाचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. ही माणसे तुटपुंज्या मानधनावर आणि अनिश्चिततेत काम करतात. रविवारच्या वर्गाचे माफक शुल्क थेट त्यांना मिळाले, तर शहराला शिक्षक मिळतो आणि शिक्षकाला शहरात टिकायचे कारण. फक्त एक पथ्य पाळावे लागेल. या वर्गाला परीक्षा, श्रेणी आणि प्रमाणपत्र चिकटवू नये. गुणांसाठी एकदा चित्रे काढून झालेली आहेत. त्या गुणांनीच पुष्कळांची चित्रकला थांबवली. ‘ग्रंथसखा’सारखा मराठी ग्रंथसंग्रह या शहरात उभा राहिला तो कोणत्याही परीक्षेविना, पुस्तकांवर जीव असलेल्या माणसांच्या बळावर.

कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेने आणि शहरातल्या शिक्षणसंस्थांनी पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक अशा दोन शाळा निवडाव्यात. रविवारी सकाळी नऊ ते बारा, दहा आठवडे, अठरा वर्षांपुढच्या कोणालाही प्रवेश. कागद-रंग ज्याचे त्याने आणावेत, ईझल नसतील तर बाकावर पुठ्ठा तिरका टेकवून काम होते. आणि ज्या वाचकांच्या कपाटात इंटरमिजिएटचे जुने प्रमाणपत्र पडून आहे, त्यांनी आपल्या जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना या आठवड्यात एक अर्ज लिहावा. अशा वर्गाला विद्यार्थी मिळणार नाहीत, असे मग कोणाला म्हणता येणार नाही.