एक प्रयोग कमी करा, तालीम वाढवा

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना आणि तिकडे दौऱ्यावर निघालेल्या आपल्या कलावंतांना माझी कळकळीची विनंती आहे. दौरा आखताना एखादा प्रयोग कमी करा आणि वाचलेले दोन-तीन दिवस तिथल्या कलावंतांबरोबर तालमीला द्या.

शुक्रवारी विमानातून उतरायचं, शनिवारी एका गावात प्रयोग, रविवारी दुसऱ्या, आणि समोर सगळे आपलेच लोक, असे बहुतेक दौरे होतात. आपल्या माणसांसाठी ते हवेतच. लंडनचं मंडळ १९३२ पासून आणि उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून ही भूक भागवत आलं आहे. पण मंडळाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला आपल्या ढोलकीत काय आहे, हे अशा दौऱ्यातून कळत नाही.

ते कळवायचं तर सोबत बसावं लागतं. रविशंकर आणि यहुदी मेन्यूहिन यांची ओळख १९५२ सालची, दिल्लीतली. बाथच्या महोत्सवात दोघांनी एकत्र वाजवलं ते १९६६ मध्ये. जगभर नावाजलेला व्हायोलिनवादक मधल्या काळात आपलं संगीत समजून घेत राहिला, म्हणून त्या जुगलबंदीला वजन आलं. पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीनेही १९८० मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ युरोपात नेलं, पण जर्मन रंगभूमीशी खरा घरोबा झाला तो ग्रिप्समुळे. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची बालनाट्यं १९८६ पासून मराठीत होऊ लागली. मोहन आगाशे यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. मुलांच्या भूमिका मोठ्या नटांनी करायच्या आणि मुलांचे रोजचे प्रश्न न लपवता मांडायचे, ही ग्रिप्सची रीत. मराठी रूपांतरात घरं, शाळा, भांडणं सगळी इथली झाली, म्हणून ती नाटकं आपल्याला परकी वाटली नाहीत. आपली कलाही तिकडे अशीच रुजू शकते.

तालमीत काय करायचं? तिथल्या ड्रमवाल्याला आधी बोल तोंडाने म्हणायला लावा. तो सवयीने आकडे मोजेल, मोजू द्या. मग तीनतालाच्या टाळ्या हातावर द्या: पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला टाळी न देता हात बाजूला फिरवून ‘खाली’. सोळा मात्रांचं हे आवर्तन त्याच्या हातात बसलं की तो समेची, म्हणजे पुन्हा पहिल्या मात्रेची, वाट पाहू लागतो. त्यानंतर त्याला त्याचं काहीतरी वाजवायला सांगा आणि आपण ऐका. हे ऐकणं फार महत्त्वाचं आहे. आपणच शिकवत राहिलो तर ती शिकवणी होते, दोघांचं काम होत नाही.

हाच टाळ्यांचा पाठ प्रयोगाआधी पाच मिनिटं प्रेक्षकांनाही द्या. सम ओळखता आली की अनोळखी माणूससुद्धा मान डोलावतो. तमाशाचा प्रयोग असेल तर त्यांना कंटाळा येईल या भीतीने गण-गवळण कापून थेट लावणीवर उडी मारू नका. गवळणीत मावशी कोण, कृष्ण वाट का अडवतो, हे चार वाक्यांत स्थानिक भाषेत सांगणारा माणूस मात्र मंचावर हवा. जाड माहितीपत्रकापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

आयोजकांनो, वाद्यं सभागृहात आदल्या दिवशी पोचू द्या. हीटरच्या कोरड्या हवेत तबल्याची पुडी चढते, तानपुरा उतरतो, आणि ऐन वेळी कलावंत घामाघूम होतो. राहण्या-जेवणाइतकाच तालमीच्या दिवसांचा मोबदलाही अंदाजपत्रकात धरा. बहुतेक ठिकाणी तो धरलाच जात नाही. भित्तीपत्रकावर पाहुण्या पियानोवादकाचं पूर्ण नाव आणि आपल्या संबळवाल्याचं नुसतं ‘लोककलावंत’, असं कदापि होऊ देऊ नका.

कलावंतांनो, निघण्यापूर्वी कागद करून घ्या. दोघांनी मिळून रचलेल्या चालीवर कोणाकोणाचं नाव लागेल, ध्वनिमुद्रण कोण विकेल, पैसे कसे वाटले जातील, हे मैत्री ताजी असतानाच लिहायचं. पारंपरिक चाल घेतली असेल तर ती कोणत्या भागातली, कोणाकडून शिकलो, तेही त्यात यावं. आणि परत आल्यावर त्या परदेशी साथीदाराला इकडे बोलवा. साताऱ्याच्या किंवा लातूरच्या सभागृहातही त्याचं वाजवणं ऐकायला लोक येतील. पाहुण्याच्या तिकिटासाठी मंडळाने थोडा हातभार लावला तरी पुरे.